टाळ्यांचा बाजा

नागपूरच्या इतवारीतल्या डाळ ओळीत देवराव खोरगड्यांची एक ख्याती होती. त्यांच्या दुकानच्या तुरीच्या डाळीत खडा निघाला, असं सांगणारा माणूस अजून कोणी पाहिला नव्हता. दुसरीही एक ख्याती होती, पण ती फक्त गद्दीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यांना ठाऊक. भाव चढो की कोसळो, देवरावांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. हलली की समोरचा समजतो, ह्याला माल हवा आहे, आणि मग तो डोक्यावर बसतो. उभा जन्म हा चेहरा त्यांनी दुकानात वापरला. चूक एवढीच झाली की संध्याकाळी घरी जाताना तो गद्दीवर काढून ठेवायचं राहून गेलं.

त्यामुळे त्र्याहत्तर सालच्या गणपतीत, जेवायला वाढता वाढता प्रेमलताबाई म्हणाल्या, "दिवाळी झाली का मी भिलाईले जाऊन राहिली, वसंताकडे," तेव्हा देवरावांनी ताटातलं मीठ सारखं केलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"दिवस कायचे? राहालेच."

"बरं," देवराव म्हणाले.

वसंता त्यांचा एकुलता एक मुलगा, भिलाईच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर. सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, म्हणजे जायला निमित्त सज्जड होतं. पण निमित्त आणि कारण ह्यांतला फरक व्यापाऱ्याला नाही तर कोणाला कळणार? देवरावांना कळला. चेहरा तेवढा कळू देईना.

"बरं?" प्रेमलताबाईंनी पोळ्यांचं टोपलं खाली ठेवलं. "तीस वर्सं नांदलेली बायको घर सोडून चालली, अन् तुमी बरं म्हणून राहिले? हरभऱ्याचा भाव सांगितला का म्या तुमाले?"

"मंग काय म्हणू?"

"थेच तं! तुमच्याजवळ बोलाले कधीच काही नव्हतं, माह्याजवळबी आता सरलं. नाचत होतो तवा बोलाचं काम पडत नव्हतं."

त्या आत गेल्या. देवराव ताक पीत बसले, आणि पेला रिकामा झाल्यावरही बराच वेळ पीत राहिले.

नाचण्याची गोष्ट अशी. लढाईच्या दिवसांत कामठीच्या छावणीत डाळीची पोती पोचवायला विशीतले देवराव जात. मेसचा हवालदार सही करायला हटकून उशीर लावी, आणि शेजारच्या हॉलमध्ये शनिवारी रेडिओ लावून गोरे सोल्जर नाचत. देवराव खिडकीशी बिल धरून उभे राहत. तोंड गप्प, पाय मात्र गुपचूप शिकत होते. त्या संगीताला स्विंग म्हणतात हे त्यांना फार उशिरा कळलं. ते त्याला फौजी बाजा म्हणत. परत येऊन दुकानावरच्या माडीचं दार लावून त्यांनी नव्या नवरीला ते पाऊल दाखवलं. देवराव सोल्जरांना पाहून शिकले, प्रेमलता देवरावांना पाहून शिकली, आणि महिना उलटायच्या आत ती त्यांच्या चुका काढू लागली.

पुढे त्यांनी लघुलहरींचा रेडिओ घेतला. शनिवारी संध्याकाळी परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलातून बँडचा कार्यक्रम जसा झाला तसा ऐकवत. आधी एक साहेब काहीतरी बोले, मग लोक टाळ्या वाजवत, मग बाजा सुटे. पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या रिकाम्या जागेत नवरा-बायको घामाघूम होईस्तोवर नाचत. खाली ओळीतल्या लोकांचा समज असा की शेठ शेठाणीला घेऊन दर शनिवारी माल तपासतात. त्याने दुकानाची पत वाढली ती वाढलीच.

साठ-एकसष्टच्या सुमाराला तो कार्यक्रम बंद पडला. वसंता मोठा झाला होता, माडीवर माल दारापर्यंत भरला. नाच बंद करायचा असं कोणी ठरवलं नाही. ठरवून बंद केलेली गोष्ट ठरवून सुरू तरी करता येते.

प्रेमलताबाईंनी भिलाईचं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गद्दीवर देवराव टिकेनात. गिऱ्हाईक समोर, आणि शेठ पायात चपला घालताहेत. मुनीम शालिकराम चष्म्यावरून पाहत राही.

"कुठं निघाले गा शेठ? व्यापारी बसून राहिला."

"बसू दे. चहा पाज."

"दोनदा पाजला ना. आता त्याले आपली डाळ सोडून चहाच विकत घ्यावासा वाटून राहिला."

'नको जाऊ' हे दोन शब्द बायकोला सांगण्यापेक्षा अख्खं नागपूर पालथं घालणं देवरावांना सोपं वाटलं. त्यांचा हिशेब गद्दीवरचाच होता. बोलू नये, माल समोर ठेवावा. माल चोख असला की गिऱ्हाईक आपणच थांबतं.

पहिल्यांदा त्यांनी सीताबर्डीवरच्या दुकानातून फौजी बाजाची एक चांगली तबकडी आणली, वाजवायचं यंत्रही मागून आणलं. प्रेमलताबाईंनी उभ्या उभ्या ऐकलं. पोळी तव्यावर फुगायच्या आत बाजा संपला.

"हे थे नाही," त्या म्हणाल्या.

"तोच बाजा हाय. बँडवाल्या साहेबाचं नावबी तेच."

"असंल. पण हा बंद खोलीतला हाय. ह्यात कोणीच नाही." आणि पुन्हा स्वयंपाकघरात.

देवरावांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि व्यापाऱ्यासारखा अर्थ लावला: लांबी कमी पडली. रेडिओवरचा बाजा लांब चाले, मोकळा चाले. म्हणजे रेडिओवरूनच उतरवून घेतलेला माल शोधायला हवा. आणि ओळखायचा कसा? तर टाळ्यांवरून. गावरान तूर नाही का, तिच्यातल्या काडीकचऱ्यावरून ओळखतात.

मग ते दुकानोदुकानी विचारत सुटले. "लोकांसमोर वाजवलेला पाहिजे. लांब. टाळ्याबिळ्या असतात थो."

"टाळ्या पाहिजेत? अन् लांब?" बर्डीवरचा पोऱ्या खूश झाला. "मग कव्वाली घ्या ना काका! टाळ्याच टाळ्या. सकाळपर्यंत संपत नाही."

गांधीबागेत एका भंगारवाल्याने रेडिओच विकायचा प्रयत्न केला. सदरमधल्या एका म्हाताऱ्या पारशिणीने दारातूनच विचारलं, "तुमी नाचते?" आणि देवराव जिना उतरून आले. दसरा गेला. घरी प्रेमलताबाईंनी ट्रंक उन्हात घातली, लुगड्यांत कापराच्या वड्या ठेवल्या. देवराव ट्रंकेला वळसा घालून जात. ती हलवा म्हणायचं धैर्य नव्हतं, आणि तिच्याकडे न पाहता अंगण ओलांडता येत नव्हतं.

शेवटी सदरच्याच एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने पत्ता दिला. कामठीला रिबेलो मास्तर म्हणून आहेत. लग्नाच्या बँडवाल्यांच्या तीन पिढ्यांना त्यांनी क्लॅरिनेट शिकवलं. बँडवाल्यांना नोटेशन लिहून देता यावं म्हणून ते पूर्वी रेडिओला तार जोडून टेपवर बाजा उतरवून घेत.

बसने देवराव कामठीला पोचले. छावणीच्या बाजूला एका कौलारू घराच्या पडवीत रिबेलो मास्तर नुसत्या बनियनवर बसून मासे साफ करत होते. त्यांनी हात धुतले, कपाटातून टेपचं एक मोठं चक्र काढलं, यंत्रावर चढवलं. खरखर आली, साहेब बोलला, टाळ्या पडल्या. आणि पायांखालची जमीन ओळखीची झाल्यासारखे देवराव खुर्चीच्या कडेवर सरकले.

"भाव सांगा, मास्तर."

"ये बेचने का माल नहीं, सेठ."

"सांगून तर पाहा."

"भाव पूछने वाले को मैं देता ही नहीं. किसके वास्ते चाहिए?"

"एक गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाईक नाचता है?"

"नाचत होती."

"होती?" रिबेलो मास्तरांनी यंत्र बंद केलं. "तो लेडीज है. और अब नहीं नाचती."

देवरावांच्या चेहऱ्यावरची माशी हलली. गद्दीवरच्या कोणी पाहिली असती तर त्या दिवशी तुरीचा भाव कडाडला असता. मास्तरांनी चक्र काढून डब्यात घातलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"शनिवार को नाचो. इतवार को वापस लाव. जैसा है, वैसा."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. घात झाला तो खोरगड्यांच्या घरच्या वळणाने.

देवरावांचं मूळ घर खाप्याचं, शेतीवाडीचं. तिकडे शेजाऱ्याकडून पायलीभर धान्य उसनं आणलं तर परत करताना ते निवडून, पाखडून, वर एक मूठ जास्त घालून द्यायची रीत. आणलं तसंच परत केलं तर फिटतं, पण शोभत नाही. आईने देवरावांना हे चालायच्या आधी शिकवलं असावं.

लाऊडस्पीकरवाल्या गोविंदाला त्यांनी यंत्रासकट दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि टेप ऐकायला बसले. ऐकता ऐकता ते अस्वस्थ झाले. मधेच साहेब बडबडतो. कोणी शिटी मारतो. वाद्य रंगात आलं असताना कोणी बेवडा ओरडतो. दर गाण्यामागे टाळ्यांचा ढीग, खोकला, खुर्च्यांची सरकासरक. माल अस्सल, पण किती कचरा! ओळख पटल्यावर काडीकचरा घरात कोण ठेवतो?

"गोविंदा, हे काढता येते का?"

"काहून नाही? ब्लेडनं कापाचं न् चिकटपट्टी लावाची. लग्नात मामाचं भाषण मी असंच उडवतो."

"मामाले राग नाही येत?"

"मामाले कळतच नाही. त्याले वाटते आपून थोडक्यात बोललो."

दोघे दुपारभर बसले. साहेब गेला, शिटी गेली, बेवडा गेला, टाळ्या तर मुळासकट गेल्या. खरखर तेवढी निघेना, ती डाळीच्या सालासारखी चिकटलेली. शेवटी वरची मूठ म्हणून गोविंदाने आपल्याकडची सनई जोडून दिली, मंगलाष्टकांनंतर वाजते ती. तुकडे जमिनीवर पडले होते, ते शालिकरामने झाडून पोत्यात भरले. डाळीच्या दुकानातलं झाडणसुद्धा कोणी फेकत नाही. त्याला गिऱ्हाईक असतं.

शनिवारी हमालांकडून माडी मधोमध रिकामी करवली. प्रेमलताबाईंना निरोप गेला की माडीच्या जास्तीच्या किल्ल्या घेऊन या. त्या किल्ल्यांचा जुडगा वाजवत, पुटपुटत जिना चढल्या. देवरावांनी यंत्र सुरू केलं.

बाजा एकदम सुटला. प्रेमलताबाई जागच्या जागी थबकल्या. मग किल्ल्या पोत्यावर पडल्या आणि त्यांनी हात पुढे केला, जणू मधली बारा वर्षं त्या हात पुढे करूनच उभ्या होत्या. पहिली गिरकी बरी झाली. दुसरी झाली. देवरावांचा श्वास लागला, पण पाय विसरले नव्हते. तोवर पहिलं गाणं संपलं आणि संपता क्षणी दुसरं अंगावर आलं. दुसऱ्यामागून तिसरं. मधे दम घ्यायला तसूभर जागा नाही. प्रेमलताबाईंचं पाऊल चुकलं. त्यांचं पाऊल चुकलेलं देवरावांनी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबवा थे."

"काहून?"

"साहेब कुठं गेला? लोकं कुठं गेले?"

"म्या काढले," देवराव म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता. "कचरा होता थो. दुपारभर बसून साफ केला."

प्रेमलताबाई पोत्यावर बसल्या. पदराने मान पुसली.

"साहेब बोले तवा मी पदर खोचत होती," त्या म्हणाल्या. "टाळ्या पडत तवा दम खात होती. न् थे टाळ्या... तुमाले सांगू का? ह्या घरात येऊन तीस वर्सं झाली. सासूबाईच्या तोंडून कधी बरं नाही निघालं. तुमचं तं तोंडच नाही. शनिवारच्या शनिवारी थे लोकं टाळ्या वाजवत. कोणासाठी का वाजवत असंनात! मी आपल्या समजून घेत होती. अन् तुमी थेच निवडून फेकल्या."

 यंत्र चालूच राहिलं होतं. बाजा सरला, आणि इतवारीच्या माडीवर, उघड्या खिडकीशी, थाटात सनई सुरू झाली.

"हे काय?"

"वरची मूठ," देवराव म्हणाले.

प्रेमलताबाईंनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला. ते फुटलं, आणि फुटलं म्हणून त्या आणखी चिडल्या. "अन् उद्या हे असं नेऊन देणार त्या माणसाले? मी येते. तुमचं तिथंबी तोंड उघडणार नाही."

रविवारी सकाळी शालिकरामने झाडणाचं पोतं उपसलं. बाईंनी टेपचे तुकडे सुपात घेतले, सुपावर फडकं बांधलं आणि ते मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या. वाटभर देवरावांची टाच बसच्या पत्र्यावर आपटत होती. प्रेमलताबाईंनी तीनदा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून ती थांबवली.

रिबेलो मास्तरांनी टेप अख्खी ऐकली. सनई आली तेव्हा डोळे मिटले. मग म्हणाले, "सेठ, तुमने मेरा पब्लिक बाहर निकाल दिया."

"साफ करून द्याचं म्हणून..." देवराव म्हणाले आणि अडकले.

"त्यांच्या खाप्याले उसनं असंच परत करतात, मास्तर," प्रेमलताबाई म्हणाल्या. "कीड नाही त्यांच्या मनात. अक्कल नाही."

मास्तरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुपाकडे. "तो ये वो गिऱ्हाईक है." त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. "बैठो. देखते हैं."

तिघं बसली. मास्तर एकेक तुकडा यंत्रावरून बोटाने ओढत आणि कान लावत. हा साहेब. हा बेवडा, ट्रम्पेटवाल्या गाण्यात. प्रेमलताबाई तुकड्यांना चिकटलेली डाळीची सालं नखाने काढत होत्या. जन्मभर खडे वेचून बाहेर टाकलेल्या बाईने त्या दिवशी खडे वेचून आत घातले. देवरावांकडे चिकटपट्टी कापून द्यायचं काम होतं. ते उठत, पडवीत जात, परत येत.

"बसा ना एका जागी!"

"बसलो."

"हे बसणं हाय?"

साहेब ओळखता आला, शिटी ओळखता आली. टाळ्यांचं मात्र कठीण झालं. टाळ्या सगळ्या सारख्याच, कोणत्या गाण्याच्या ते कोण सांगणार? मास्तरांनी काही अंदाजाने बसवल्या, काही बाईंच्या आठवणीने. बाकी उरल्या त्या जिथे जागा दिसली तिथे घातल्या.

ऊन उतरल्यावर यंत्र पडवीत आणलं. साहेबाचे तुकडे उलटसुलट लागले होते, त्यामुळे त्याने सुरुवातीलाच सगळ्यांचा निरोप घेतला आणि मग बाजा सुटला. मास्तर मांडीवर थाप मारून हसले. प्रेमलताबाईंनी पदर खोचला. देवरावांचा हात धरला, आणि दोघं नाचू लागली, डाव्या अंगाला मास्तरांची मासे साफ करायची पाटी, उजव्या अंगाला कुंपण. कुंपणापलीकडून जाणारा एक टांगा सावकाश झाला.

ट्रम्पेट ऐन रंगात आलं असताना मधेच टाळ्या कोसळल्या. कोणत्या तरी भलत्याच गाण्याच्या. तेवढ्या गोंगाटात देवरावांनी संधी साधली. एवढ्या आवाजात बोललेलं कोणाला ऐकू जात नाही, हा त्यातला सुरक्षितपणा.

"नको जाऊ," ते म्हणाले.

"काय?"

"नको जाऊ म्हटलं."

"काय म्हणता, ऐकू येऊन नाही राहिलं!"

"प्रेमलता, नको जाऊ भिलाईले!"

नेमक्या त्याच जागी जोड होता. टाळ्या तुटल्या, बाजा यायला क्षणभर उशीर झाला, आणि कामठीच्या छावणीतली ती अख्खी गल्ली शेठचा आवाज ऐकून गेली. मास्तर एकदम यंत्रावर वाकून काहीतरी तपासू लागले. टांगेवाल्याने तर टांगाच थांबवला.

प्रेमलताबाईंनी हात सोडला नाही. "दसऱ्याच्या आधीपासून गाव धुंडून राहिले तुमी. अन् हे तोंडात होतं?"

देवरावांनी मान हलवली.

"वसंताले म्या लिहून टाकलं हाय, राहाले येतो म्हणून. सून वाट पाहून राहिली. बाळंतपण तर कराच लागंल."

"कर. मंग ये."

"हे तुमी त्याले सांगसान? तुमच्या तोंडानं? का मलेच लिहा लागंल?"

"मी सांगतो."

"काय सांगसान?"

देवरावांनी तोंड उघडलं. बरेच शब्द होते, पण त्यांना रांगेत यायची सवय नव्हती. "सांगीन... का तुह्या मायले म्या... का मले..."

"हाव, हाव. पुढं?"

पुढचं यायच्या आधी दुसऱ्या गाण्याची पाळी आली. ह्यात साहेबाचं बोलणं आधी होतं की मागून, मास्तरांनाही सांगता येईना. प्रेमलताबाई एक पाय पुढे टाकून, कान देऊन उभ्या राहिल्या. देवराव घाईने पाऊल टाकून निघाले, तर नुसती खरखर होती. बाईंनी त्यांना मनगटाला धरून मागे ओढलं. ते पुन्हा निघाले, तर टेपवर कोणीतरी खोकलं.

"थांबा थोडं," त्या म्हणाल्या. "अन् तवर बोलत राहा. मी ऐकून राहिली."